नागपुरात राहून गावच्या वावरात बकऱ्या पाळायच्या आहेत, रोज जाणं होणार नाही, कसं जमवावं?

काटोल_रोड

नमस्कार मंडळी. आमचं नरखेड तालुक्यात पाच एकर वडिलोपार्जित वावर आहे, आधी संत्र्याची बाग होती, पाणी खोल गेलं आणि बाग वाळली, आता सोयाबीन-तूर असते आणि तीही ठेक्यानं दिलेली. मी आणि बायको दोघंही नोकरीत, मुलं शाळेत, त्यामुळे नागपूर सोडणं शक्य नाही, फार तर रविवारी जाणं होतं, तेही दर रविवारी नाही. विहीर आहे, मोटर आहे, एक जुना कोठा आहे त्याची टिनं बदलावी लागतील. डोक्यात असं आहे की ५० बकऱ्या आणि २ बोकड घ्यायचे, एक माणूस पगारावर ठेवायचा, सिमवाला सोलर कॅमेरा लावायचा आणि फोनवरून लक्ष ठेवायचं. आईची फार इच्छा आहे की कोठ्यात पुन्हा जनावर दिसावं, आजोबांच्या काळात तिथे जागा पुरत नव्हती म्हणते.

तर ज्यांनी मालक शहरात आणि जनावरं गावात असं खरंच चालवलंय त्यांनी सविस्तर लिहा. बकऱ्या की म्हशी? सालदार (वर्षाच्या पगारावरचा माणूस) की बटई (पिल्लं अर्धी-अर्धी वाटून घेणं)? सबसिडी मिळते का? व्हिडिओ भरपूर बघितले, त्यात सगळ्यांना फायदाच होतो, म्हणून इथे विचारतोय.

निवृत्त_पशुवैद्य

भाऊ, विचार चांगला आहे आणि आईची इच्छा त्याहून चांगली. पण तुमच्या पोस्टमधे बकऱ्या, माणूस, कॅमेरा सगळं आलं, मे महिन्यातलं पाणी आणि चारा कुठेच नाही आला. काटोल-नरखेड पट्ट्यातल्या विहिरी मार्चनंतर काय करतात ते तुम्हाला सांगायला नको, बाग त्यातच गेली. बकरीला स्वतःला प्यायला उन्हाळ्यात चार-पाच लिटर लागतं, ५० बकऱ्यांना रोज अडीचशे लिटर धरा, ते एका टाकीत भागतं. खरं पाणी चाऱ्याला लागतं. मेमधे मोटर अर्धा तास चालून बंद पडत असेल तर नेपियर गवताच्या नादी लागू नका. धुऱ्यानं, म्हणजे बांधावर, सुबाभूळ, शेवरी, हादगा लावून घ्या याच पावसाळ्यात, एका कोपऱ्यात दशरथ घास, आणि बाकी भर कुटारावर, म्हणजे मळणीत उरलेल्या भुश्यावर. सुबाभूळ मात्र एकूण चाऱ्याच्या एक तृतीयांशाच्या वर देऊ नये, त्यातलं मिमोसिन जास्त झालं की केस गळतात, थायरॉइडचा त्रास होतो.

जात कोणती हे तुम्ही विचारलं नाही तरी सांगतो. बेरारी घ्या. आपल्या विदर्भाचीच आहे, नागपूर-वर्धा-अमरावतीकडे गावोगाव आहे, ४५-४६ डिग्रीत उभी राहते. बाहेरून ट्रकनं आणलेल्या मोठ्या जातीच्या बकऱ्या दिसायला देखण्या असतात, पण लांबचा प्रवास, वेगळं पाणी, वेगळा चारा आणि वर मे अखेरचा नवतपा, म्हणजे पहिल्याच उन्हाळ्यात तुमची परीक्षा आणि तुम्ही तिथे नाही. बाजारातून एकदम कळप उचलू नका, आसपासच्या गावात घरोघर फिरून दोन-दोन चार-चार घ्या, एक-दोन वेत झालेल्या, म्हणजे आई कशी आहे, पिल्लं कशी आहेत हे डोळ्यानं बघता येतं. आणलेल्या बकऱ्या तीन आठवडे वेगळ्या ठेवायच्या. हे तीन आठवडे लोक पाळत नाहीत आणि पीपीआर हा साथीचा रोग नेमका तिथूनच आत येतो, ताप, नाका-डोळ्यातून पाणी, तोंडात फोड, हगवण, आणि आठवड्याभरात अर्धा कळप आडवा.

लसीचं सोपं आहे. पीपीआर एकदा टोचली की साधारण तीन वर्ष संरक्षण असतं, पण नवीन पिल्लं चार महिन्यांची झाली की त्यांना टोचावीच लागते. आंत्रविषाराची लस मेमधे, पहिल्या पावसाच्या आधी, आणि पहिल्यांदाच देत असाल तर दोन-तीन आठवड्यांनी बूस्टर. पाऊस पडला, कोवळं गवत आलं की चांगली खाती-पिती धष्टपुष्ट पिल्लंच रात्रीतून मरून पडतात, लोक म्हणतात कोणी काही खाऊ घातलं, बहुतेक वेळा तो आंत्रविषार असतो. घटसर्प पावसाळ्याआधी, लाळ्या-खुरकूत वर्षातून दोनदा. जंताचं औषध पावसाच्या आधी आणि नंतर, पण शक्यतो लेंडी तपासून. सेमिनरी हिल्सला आपलं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, १९५८ पासूनचं, शहरात राहून तुम्हाला ती सोय आहे, लेंडीचं सॅम्पल डबीत घेऊन या आणि तपासून घ्या.

अजून एक, आणि दूर राहणाऱ्या मालकासाठी हे सगळ्यात कामाचं. बोकड कळपात कायम मोकळा ठेवू नका. बकरी पाच महिन्यांनी जनते. फेब्रुवारी-मार्चमधे भरवली तर पिल्लं जुलै-ऑगस्टच्या झडीत येतात, ओला कोठा, निमोनिया, हगवण, निम्मी पिल्लं तिथेच जातात. तेवढे दोन महिने बोकड वेगळा बांधला तर हा मृत्यू टळतो आणि तुमचा एक रुपया खर्च होत नाही.

पुणे_ते_कुही

डॉक्टरसाहेबांच्या प्रत्येक ओळीला हात जोडून अनुमोदन. मी पुण्यात नोकरीला, वावर कुही तालुक्यात, तुमच्यापेक्षा लांबचा मालक आहे, आणि बकऱ्या चांगल्या चालू आहेत म्हणून लिहितोय. पैशाचा हिशोब कोणी सांगत नाही तो मी सांगतो.

२० बकऱ्या आणि १ बोकड धरा. पुस्तकात लिहिलेलं असतं दोन वर्षात तीन वेत आणि वेताला दीड पिल्लू, म्हणजे वर्षाला ४५ पिल्लं. तसं होत नाही. काही पहिलटकरणी असतात त्यांना एकच होतं, काही गाभडतात, काही भरवूनही उलटतात, काही पिल्लं मरतात, वर्षाला २८ मोठी झाली तर सांभाळणारा माणूस चांगला आहे असं समजा. त्यातली ४ पाठी (मादी पिल्लं) कळपात ठेवायच्या कारण म्हाताऱ्या बकऱ्या काढाव्या लागतात. राहिली २४. आठ-नऊ महिन्यांचं पिल्लू १८ किलो आणि भाव जिवंत वजनाला ४०० रुपये धरला (तुमच्या बाजाराचा भाव टाका) तर १,७२,८०० रुपये. आता खर्च. ढेप (तेलबियांची पेंड) आणि मका मिळून बकरीला दिवसाला २०० ग्रॅम म्हटलं तर वर्षाला १,४६० किलो, ३० रुपयांनी ४३,८००. आणि सालदार लाख-सव्वा लाखाच्या खाली आज मिळत नाही. सव्वा लाख धरला तर बेरीज करून बघा, हातात काहीच नाही राहत, औषध आणि कुटार तुमच्या नोकरीच्या पगारातून.

म्हणून २०-२५ बकऱ्यांवर पगारी माणूस परवडत नाही. तो परवडायचा तर कळप मोठा पाहिजे, आणि कळप मोठा झाला की चराईवर भागत नाही, बांधून खाऊ घालावं लागतं, म्हणजे चारा, म्हणजे पाणी, म्हणजे पुन्हा तुमची विहीर. ५० बकऱ्या हा आकडा नेमका मधे अडकतो.

मी बटईनं देतो. गावातलंच एक घर आहे, नवरा-बायको आणि म्हातारी सासू. मूळ बकऱ्या माझ्या, बोकड माझा, लस-औषध-विमा माझा, ढेपेचा खर्च अर्धा-अर्धा, पिल्लं अर्धी-अर्धी, लेंडीखत पूर्ण त्यांचं. वरच्याच आकड्यांवर बघा, मला १२ पिल्लांचे ८६,४०० येतात, त्यातून ढेपेचे २२ हजार आणि औषधपाणी जातं, त्यांनाही तेवढेच, शिवाय खत, आणि ते आपलं वावर सांभाळून बकऱ्या चारतात, त्यांचा दुसरा रोजगार बुडत नाही. दोघांनाही थोडं थोडं राहतं म्हणून चालतं.

बोकड दर दीड-दोन वर्षांनी बदलतो, नाहीतर बापच लेकींवर जातो आणि पिल्लं खुरटी निघतात. हे काम मालकानं स्वतःच्या अंगावर घ्यायचं.

काटोल_रोड

पुणेकर दादा, हा हिशोब पहिल्यांदा कोणी असा मांडून दाखवला, मनापासून धन्यवाद. एक शंका, रागावू नका. पिल्लू मेलं असं फोनवर सांगितलं तर ते खरंच मेलं की विकलं हे दूर बसून कसं कळणार? आमच्या ओळखीत एकाचे असेच वर्षात सगळे बोकड "मेले".

पुणे_ते_कुही

टॅग मारून घ्या पहिल्या दिवशी. १२ आकडी पिवळा टॅग, सरकारी दवाखान्यातून मारून देतात आणि सरकारच्या भारत पशुधन पोर्टलवर नोंद होते. तसंही १ जून २०२४ पासून महाराष्ट्रात टॅगशिवाय जनावराची खरेदी-विक्री बंदच आहे. विम्यालाही टॅग पाहिजे, नो टॅग नो क्लेम. माझ्याकडे नियम असा की जनावर मेलं तर टॅग दिसेल असा फोटो, मग खड्डा करून चुना टाकून पुरायचं, विमा असेल तर पोस्टमॉर्टेम होईपर्यंत हात लावायचा नाही. पिल्लांना टॅग मारेपर्यंत गळ्यात रंगीत दोरी, प्रत्येक महिन्याच्या पिल्लांचा रंग वेगळा. महिन्यातून एकदा लटकत्या काट्यावर वजन करून व्हॉट्सअपवर टाकायचं. वजनाचा मला दुसरा फायदा असा झाला की कोणती बकरी दूध कमी पाजते ते पिल्लाच्या आकड्यावरून पुण्यात बसून दिसतं.

कॅमेरा संध्याकाळी कळप परत येताना फाटकावर मोजायला बरा आहे, बाकी फार उपयोग नाही. कॅमेऱ्यात बकरी रवंथ करते की नाही ते कुठे दिसतं.

मौद्याची_ताई

मी इथे नेहमी वाचते, लिहीत नाही, आज लिहून राहिली. आम्ही दुसऱ्याच्या बकऱ्या अर्धलीनं सांभाळतो, दोन मालक झाले आतापर्यंत, एक नागपूरचे होते आणि आताचे भिलाईचे आहेत. सगळ्यांनी मालकाच्या बाजूनं लिहिलं, सांभाळणाऱ्याच्या बाजूनं मी लिहिते.

चोरीची भीती वाटते ते समजते, पैसा तुमचा आहे. पण बकरी रात्री दोन वाजता अडली, पिल्लाचा पाय बाहेर आला, तेव्हा हात घालणारी मी आहे. थंडीत पिल्लू झालं की त्याला पोत्यानं पुसून पहिल्या तासात चीक पाजावा लागते, नाही चोखलं तर वाटीत काढून बोटानं पाजावा लागते, पौष महिन्यात आमच्याकडे रात्री बाहेर बसवत नाही. हे कोणत्याच कागदावर लिहिता येत नाही. ते मनातून झालं पाहिजे, आणि मनातून कधी होते ते सांगते.

पहिले मालक वाटणीच्या दिवशी यायचे आणि पाठी-पाठी सगळ्या आपल्याकडे काढायचे, आम्हाला बोकडं द्यायचे. दिसायला अर्धं-अर्धंच होतं. पण बोकड विकला की संपला, पाठीची बकरी होते, बकरीचा कळप होते. पाच वर्ष सांभाळूनही माझी एक बकरी नव्हती. आताचे मालक म्हणतात ताई पहिलं पिल्लू तुम्ही निवडा, दुसरं मी, तिसरं तुम्ही. दोन वर्षात माझ्या स्वतःच्या बकऱ्या झाल्या, त्यांच्याच कळपात चरतात. आता मला सांगा, रात्री कोठ्यात आवाज आला तर मी कोणाच्या बकऱ्यांसाठी उठते? सगळ्यांसाठीच उठते, त्या वेगळ्या थोडीच बांधल्या आहेत.

आणखी. औषधाला पैसे लागले तर आधी फोन करून परवानगी मागायची, साहेब मीटिंगमधे, संध्याकाळी पाठवतो, तोपर्यंत पोटफुगीवाली बकरी राहत नाही. थोडे पैसे आमच्याकडे औषधाचे म्हणून ठेवून द्या आणि बिल घ्या. रविवारी चार गाड्या घेऊन मटणाच्या पार्टीला येऊ नका, आणि आलात तरी बोकड तुमच्या वाटणीतला कापा. पोळ्याला, तान्ह्या पोळ्याला, लग्नसराईला आम्हालाही माहेरी जावं वाटते, तेव्हा चार दिवस कोण बघणार हे आधीच ठरवा. वावरातच राहायला सांगत असाल तर पक्की खोली, लाईट आणि संडास द्या, पावसाळ्यात साप-विंचू असतात, लेकरं घेऊन कोठ्याच्या बाजूला ताडपत्रीत कोणी राहणार नाही.

निवृत्त_पशुवैद्य

ताई, तुम्ही जे लिहिलं ते आमच्या कॉलेजात शिकवायला पाहिजे. काटोल_रोड भाऊ, पाठीची वाटणी हा मुद्दा घट्ट धरून ठेवा. नोकरीत असताना अर्धलीचे बरेच कळप बघितले, जिथे सांभाळणाऱ्या घराची स्वतःची बकरी कळपात होती ते कळप टिकले.

एक पुस्ती. तुमच्या गावात किंवा जवळच्या गावात उमेद या सरकारी अभियानाच्या बचत गटाची पशुसखी आहे का बघा. या बायकांना जंत पाजणं, वजन, प्रथमोपचार शिकवलेलं असतं, लसीकरणात मदत करतात, थोडं मानधन घेतात आणि गावातच राहतात. तुम्ही दोन तासांवर, तिचं घर पाच मिनिटांवर. फिरत्या दवाखान्यासाठी १९६२ नंबर आहे, तो सांभाळणाऱ्याच्या फोनमधे आणि कोठ्याच्या भिंतीवर दोन्हीकडे लिहून ठेवा.

हिंगणा_म्हशी

म्हशीबद्दल विचारलं म्हणून लिहितो. माझ्या हिंगण्याकडे म्हशी आहेत, मी शहरात राहतो पण पहाटे साडेचारला कोठ्यावर असतो, आणि तुमच्यासाठी माझं उत्तर सरळ नाही असं आहे. धार दिवसातून दोनदा, त्याला रविवार नाही, दिवाळी नाही. माणूस एक दिवस आला नाही तर म्हशी ओरडतात, दूध साचून राहिलं की मस्टायटिस, म्हणजे कासेचा दाह, एक सड गेला की ती म्हैस अर्ध्या किमतीची. दूध फॅट आणि एसएनएफवर (फॅट सोडून बाकीचे घन घटक) विकलं जातं, विदर्भात मदर डेअरीचं संकलन आल्यापासून गावातच दूध घालता येतं ही मोठी सोय झाली, पण कोठा ते केंद्र यामधे दुधाचं काय होतं हे बघायला घरचं कोणीतरी लागतं. माज ओळखणं तर सगळ्यात अवघड, म्हशीचा माज मुका असतो, उन्हाळ्यात तर रात्रीच दिसतो, तो चुकला की २१ दिवस गेले, असे तीन-चार चुकले की भाकड म्हैस वर्षभर खाऊन राहिली.

तरी कोणाला हौस असेलच तर आपली नागपुरी म्हैस बघा, लांब तलवारीसारखी मागे गेलेली शिंगं, दूध मुऱ्हापेक्षा कमी पण आपलं ऊन आणि कुटार सोसते, फॅट उत्तम. डुंबायला किंवा दुपारी अंगावर पाणी मारायला सोय पाहिजेच.

गाईंचं म्हणाल तर गवळाऊ ही आपली जात, हौसेसाठी एक जोडी ठेवा, आईलाही बरं वाटेल. पण एक लक्षात घ्या, २०१५ च्या कायद्यानंतर गोऱ्हे आणि बैलही कापायला विकता येत नाहीत, तेव्हा म्हातारं झालेलं जनावर शेवटपर्यंत पोसायची तयारी ठेवून गाय घ्यायची. मला स्वतःला ते पोसणं आवडतं, पण दूर राहून त्याचा खर्च वाढत जातो हे आधी माहीत असावं.

सावनेरचा_तुषार

सबसिडीचं मी सांगतो. राष्ट्रीय पशुधन अभियानात शेळीपालनाला ५० टक्के भांडवली अनुदान आहे पण ते १०० शेळ्या ५ बोकड पासून सुरू होतं, त्याला जास्तीत जास्त १० लाख, आणि ५०० शेळ्या २५ बोकडांना ५० लाख. म्हणजे अनुदान मिळतं म्हणून १०० बकऱ्या घ्यायच्या असं डोक्यात येईल, येऊ देऊ नका. पैसे दोन हप्त्यात येतात, आधी काम दाखवावं लागतं, कर्ज किंवा स्वतःचा पैसा आधी घालावा लागतो. वीस बकऱ्यांवर दोन-तीन वर्ष काढा, घर आणि तुमचं जमलं तर मग अर्ज करा. आणि बोकड चांगल्या वंशाचा पाहिजे असेल तर मेंढी व शेळी विकास महामंडळाचं बोंद्रीला, रामटेककडे, फार्म आहे, तिथे चौकशी करा.

उमरेड_जंगलकाठ

आमच्याकडे कऱ्हांडल्याचं जंगल जवळ, तुमच्या नरखेडला वाघ नसेल पण बिबट्या कुठेही येऊन राहिला आता. रात्रीचा कोठा चारही बाजूनं जाळीचा आणि वरूनही बंद पाहिजे, सहा फुटाची भिंत बिबट्या उडी मारून जातो आणि आत गेला की एक मारून थांबत नाही. असं झालं तर मेलेलं जनावर जागेवरून हलवायचं नाही आणि ४८ तासांच्या आत वनविभागाला कळवायचं, पंचनामा झाला तरच भरपाई मिळते. हे सांभाळणाऱ्याला माहीत असलं पाहिजे, कारण त्याला आधी वाटते की मालक रागावेल, तो पुरून टाकते आणि भरपाई जाते.

विजेचंही तसंच. जूनमधे पाऊस आला की ढोरकी (गुराखी) आणि बकऱ्या सगळेच झाडाखाली जातात आणि एका विजेत पूर्ण कळप जातो, माणूसही जातो. विजेची सूचना देणारं दामिनी ॲप त्यांच्या फोनमधे टाकून द्या आणि ढग गडगडले की झाड सोडून कोठ्याकडे यायचं हे बजावून सांगा. बकऱ्या भिजल्या तर भिजू द्या.

आणि फवारणी! तुमच्या आजूबाजूला कपाशी असेलच. ऑगस्ट ते ऑक्टोबर कोणी कोणत्या दिवशी काय फवारलं हे चारणाऱ्याला माहीत पाहिजे, फवारलेल्या धुऱ्यावरचं गवत खाऊन बकऱ्या गेलेल्या मी बघितल्या आहेत. कोवळी किंवा ताण बसलेली ज्वारी खाल्ली तर किराळ लागते, म्हणजे विषबाधा होते, ते वेगळं. बेशरम आणि घाणेरीची झुडपं वावरात असतील तर आधी उपटून काढा.

प्रतापनगर_वकील

कागदाचं दोन ओळीत. जनावराचा करार वेगळा, जमिनीशी त्याचा संबंध जोडू नका. करारात स्पष्ट लिहा की जमीन आणि कोठा मालकाच्या ताब्यात आहे, समोरची व्यक्ती फक्त जनावरं सांभाळते, राहायला खोली दिली तर त्याचं वेगळं लिहा. विदर्भासाठी कूळ कायदा १९५८ चा वेगळा आहे, आणि जमीन वर्षानुवर्ष दुसऱ्याच्या हाती राहिली की वाद होतात, आता ठेक्यानं दिली आहे म्हणता त्याचाही कागद बघून घ्या. सातबाऱ्यावर ई-पीक पाहणी (मोबाइलवरून पिकाची नोंद) स्वतःच्या नावानं स्वतः करा, वावरात उभं राहूनच ती होते, त्यासाठी तरी हंगामात एक चक्कर मारावीच लागेल. यात अविश्वास दाखवण्यासारखं काही नाही, मौद्याच्या ताईंनाही लेखी असलेलं बरंच, वाटणीचा नियम कागदावर असला की मालक बदलला किंवा मालकाचा मुलगा आला तरी त्यांचं पिल्लू त्यांचंच राहतं.

काटोल_रोड

सगळ्यांचे खूप आभार, इतकं कोणी समजावून सांगेल असं वाटलं नव्हतं. आईला सगळा धागा मोठ्यानं वाचून दाखवला, मौद्याच्या ताईंचं तिला सगळ्यात पटलं, म्हणाली आपल्याकडे तुझ्या आजीच्या वेळी गायक्याला (गुरं राखणाऱ्याला) दर वर्षी एक कालवड द्यायचे.

तर आता असं ठरवतोय. ५० चा विचार सोडला. १५ बेरारी, १ बोकड, बटईनं, पिल्लं आळीपाळीनं निवडायची, पहिली निवड त्यांची. गावात आमच्या वावराला लागूनच एक घर आहे, त्यांचा मुलगा आधी बकऱ्या चारायचा, आता कंपनीतून परत आलाय, त्याच्याशी आणि त्याच्या आईशी दोघांशी बोलणार. कोठा आधी दुरुस्त करतो, वर टिनंच पण उंच घेतोय, उन्हाळ्यात टिनांवर पऱ्हाटी-तुराट्या टाकता येतील असं. धुऱ्यावर सुबाभूळ-शेवरी या पावसात. बकऱ्या दिवाळीनंतर आणाव्या की आत्ताच आणाव्या हे सांगा. आणि कुटार कधी भरायचं?

निवृत्त_पशुवैद्य

दिवाळीनंतर. पावसाळ्यात नवीन कोठा, नवीन माणूस आणि नवीन बकऱ्या तिन्ही एकदम नको. कोठ्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवा, दुपारचं ऊन आत येत नाही. जमीन मुरुमाची, सिमेंट करू नका. बकरीला आत दहा-बारा चौरस फूट आणि बाहेर मोकळं त्याच्या दुप्पट. पिण्याचं पाणी सावलीत.

कुटार तीन वेळा भरायचं. सोयाबीन निघालं की ऑक्टोबर-नोव्हेंबरला सोयाबीनचं, जानेवारी-फेब्रुवारीला तुरीचं, मार्चला हरभऱ्याचं. बकऱ्यांना तुरीचं सगळ्यात आवडतं, त्यात पाला असतो, तेच जास्त भरा. थ्रेशर चालू असतानाच वावरातून उचललं तर स्वस्त पडतं, एप्रिलला विकत घ्यायला गेलात की भाव तुमच्या हातात नाही. सोयाबीनच्या कुटारात दाणे राहिले असतील तर चाळून द्या, दाणा जास्त गेला की पोट फुगतं.

मौद्याची_ताई

कुटाराची खोली वेगळी करा, कोठ्यात नको, आगीची भीती असते. खाली लाकडं टाकून वर ठेवा म्हणजे ओल लागत नाही. आणि त्या मुलाच्या आईशी आधी बोला, मग मुलाशी. मुलगा पुन्हा कंपनीत जाऊ शकते.

काटोल_रोड

येत्या रविवारी जातोय, त्यांच्या घरीच आधी. ताई, करारात पाठीच्या वाटणीची ओळ कशी लिहावी, तुमच्या भिलाईच्या मालकांनी लिहिलेली असेल तर इथे टाकाल का?

मौद्याची_ताई

लिहिलेली आहे. "दर सहा महिन्यांनी दोघांसमोर वाटणी. पाठी वेगळ्या उभ्या करायच्या, बोकडं वेगळे. दोन्हीतून एक-एक आळीपाळीनं, पहिली पाठ सांभाळणाऱ्याची, पहिला बोकड मालकाचा. विषम राहिलं तर ते पिल्लू पुढच्या वाटणीपर्यंत कळपात, तेव्हा ज्याचं कमी आलं त्याचं." एवढंच आहे, खाली दोघांच्या सह्या आणि पोलीस पाटलांची साक्ष.